एकाच किनाऱ्यावर पाच संस्था: एकत्र काम कसं बसवायचं?

केवडा:

नमस्कार मंडळी. मी दापोली तालुक्यातल्या एका किनारी गावात राहते. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं तर कोण कोणाविषयी बोलतंय ते तालुक्यात लगेच कळेल, आणि मला भांडण नको, वाट हवी आहे. आमच्या घरी पर्यटकांची राहण्याजेवणाची सोय आहे आणि हंगामात कासवांच्या घरट्यांची वही मी लिहिते.

आमचा किनारा जेमतेम दोन किलोमीटरचा. त्यावर काम करणारे बघा किती. गावातली कासवमित्र पोरं पहाटे फेरी मारतात, मादीच्या पायांचा माग दिसला की अंडी हॅचरीत, म्हणजे कुंपण घातलेल्या राखीव वाळूत, हलवतात, वनविभाग त्यांच्यासोबत असतो. मुंबईची एक संस्था हिवाळ्यात किनारा साफ करायला येते. तालुक्याच्या कॉलेजातली मुलं खेकडे, शंखशिंपले, पक्षी मोजतात. यंदापासून आणखी एक संस्था डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटवाल्यांना शिकवायला लागली आहे. आणि पाचवी मच्छीमार सोसायटी. तिला कुणी संवर्धनवाली संस्था म्हणत नाही, पण रोज समुद्रात जाणारे तेवढेच आहेत.

सगळे चांगल्या मनाने येतात, याबद्दल मला शंका नाही. तरी काय होतं ते सांगते.

ऑगस्टमध्ये एक मेलेला डॉल्फिन किनाऱ्याला लागला. दुपारपर्यंत तीन संस्थांच्या पानांवर त्याचे फोटो झळकले. लांबी कुणी मोजली नाही, नर की मादी पाहिलं नाही, अंगावर जाळ्याचे वळ होते की नाही याची नोंद नाही. वनरक्षक खाडीपलीकडच्या दुसऱ्या कामावर होता, तो येईपर्यंत वास सुटला म्हणून जेसीबीने खड्डा काढून पुरून टाकला. एवढा मोठा जीव गेला आणि तो कशाने गेला याची एक ओळ कुठे लिहिलेली नाही. मला ते फार लागलं.

त्याआधी फेब्रुवारीत सफाईला आलेले शंभरेक लोक भरतीरेषेच्या वरच्या वाळूत लोखंडी दाताळी घेऊन फिरले. बाटल्या, थर्माकोल, दोर निघाले, काम खरंच झालं. पण ती ऐन अंडी घालण्याची जागा. आमच्या पोरांना सकाळी माग दिसेना, कारण सगळी वाळू ओरबाडलेली. आदल्या दिवशी एक फोन आला असता तर आम्ही दोऱ्या बांधून वाट आखून दिली असती.

मग आम्ही सगळ्यांची बैठक बोलावली. सोसायटीचे सेक्रेटरीही आले होते. पहिल्या दहा मिनिटांत बाहेरच्या एका वक्त्याने पडद्यावर ट्रॉलरचं, म्हणजे समुद्रात जाळं ओढत नेणाऱ्या मोठ्या बोटीचं, चित्र लावलं आणि कासवं कोण मारतं हे सांगायला सुरुवात केली. सेक्रेटरी उठून गेले. तेव्हापासून सोसायटीतलं कुणी फिरकत नाही.

आमच्या भागाला हे काम नवं नाही. शेजारच्या मंडणगड तालुक्यात वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली कासवं वाचवायला सुरुवात केली, तेव्हा तिथे अंडी उकरून नेली जायची. संस्था, गाव आणि वनविभाग यांनी मिळून ते थांबवलं. पिल्लं बघायला माणसं यायला लागली आणि गावातल्या घरांतून त्यांची राहण्याजेवणाची सोय झाली. आज आमच्यासारख्या घरांना मार्च-एप्रिलमध्ये चार पैसे मिळतात ते त्यामुळेच. म्हणजे एकत्र येऊन होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पण तिथे सुरुवातीला संस्था एक होती आणि गाव एक होतं. आमच्याकडे पाच आहेत आणि प्रत्येकीचं वेगळं पत्रक.

आता नवीन गोष्ट अशी की एका कंपनीने कळवलं आहे, सगळ्या संस्थांनी मिळून एकच प्रस्ताव दिला तर तीन वर्षांचा निधी देऊ. त्यावरून ‘मुख्य संस्था कोण’ ही ओढाताण सुरू झाली. कुणी म्हणतं नवीन महासंघ नोंदवा, कुणी म्हणतं करार करा. नोव्हेंबरमध्ये माद्या यायला लागतील, त्याआधी काहीतरी ठरायला हवं.

माझे प्रश्न सरळ आहेत. नोंदी कोणाच्या मालकीच्या मानायच्या? सोसायटीला परत कसं आणायचं? आणि पैसा आला तर तो कोणी सांभाळायचा? ज्यांनी प्रत्यक्ष केलं आहे त्यांनी सांगावं. नुसतं ‘संवाद वाढवा’ नको, तो सल्ला मिळून झाला आहे.

रापणकर_मालवण:

ताई, सेक्रेटरी उठून गेले ते बरोबरच केलं. मी आमच्या सोसायटीच्या पंच मंडळात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून सांगतो. मच्छीमार म्हणजे एकच माणूस नव्हे. किनाऱ्यावरून जाळं ओढणारा रापणीवाला वेगळा, पाण्यात उभं जाळं लावणारा गिलनेटवाला वेगळा, ट्रॉलरवाला वेगळा, मासळीच्या थव्याला मोठ्या जाळ्याने वेढणारा पर्ससीनवाला वेगळा. आमच्यात आपसात जी भांडणं आहेत ती बाहेरच्याला कळायची नाहीत. बेकायदा पर्ससीन आणि एलईडी लाइटच्या मासेमारीविरुद्ध आम्ही रस्त्यावर उतरलेले लोक आहोत. आणि तुमचा वक्ता एक चित्र लावून सगळ्यांना एका दावणीला बांधतो. ज्याने जन्मभर किनाऱ्यावरून रापण ओढली त्याने का ऐकून घ्यावं?

आमच्याकडचा अनुभव सांगतो. १९८७ साली मालवणचा समुद्र अभयारण्य म्हणून जाहीर झाला. एकोणतीस चौरस किलोमीटर. कागदावर चांगलं काम होतं. पण ज्यांची जाळी तिथे लागत होती त्यांना आधी कुणी विचारलं नाही. नंतर कित्येक वर्षं ‘अभयारण्य’ म्हटलं की बैठकीत आवाज चढायचे, अजून चढतात. एकदा विश्वास गेला की मुलांच्या पिढीपर्यंत जातो.

उलट जाळ्याच्या भरपाईचं बघा. डिसेंबर २०१८ पासून राज्यात योजना आहे. संरक्षित प्राणी, म्हणजे कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क वगैरे, जाळ्यात अडकला आणि जाळं कापून तो सोडला, तर जास्तीत जास्त २५ हजार रुपये मिळतात. मत्स्यव्यवसाय खातं आणि वनविभागाचा कांदळवन कक्ष (खारफुटी आणि किनारी जीव बघणारी शाखा) यांनी मिळून केलेली. खलाशाने मोबाईलवर फोटो-व्हिडिओ काढायचा आणि अर्ज करायचा. जाळ्याची पूर्ण किंमत निघते असं नाही, मोडलेला दिवस तर कुणीच देत नाही. पण आमच्या जेटीवर पहिल्या बोटीच्या खात्यात पैसे जमा झाले त्या दिवशी जे झालं ते दहा भाषणांनी झालं नसतं. सगळे विचारायला लागले, फोटो कसा काढायचा, अर्ज कुठे मिळतो. त्याआधी प्राणी सोडायचे नाहीत असं नव्हे. सोडायचेच. पण गुपचूप, कारण कुणाला सांगितलं तर आपल्यावरच केस होईल ही भीती.

म्हणून माझं म्हणणं, सोसायटीला ‘बैठकीला या’ म्हणू नका. त्यांचं एखादं काम करून द्या. तुमच्या गावात किती बोटवाल्यांना ही योजना माहीत आहे? अर्ज सोसायटीच्या टेबलावर आहेत का? कॉलेजची मुलं ते भरून देऊ शकतात. एक अर्ज मंजूर करून दाखवा आणि मग बोला.

आणि बैठक रविवारी अकरा वाजता हॉलमध्ये ठेवू नका. बोटी आल्या, मासळी उतरली, लिलाव झाला की जेटीवरच बसा. मोठी बैठक हवी असेल तर १ जून ते ३१ जुलै, बंदीचा काळ. तेव्हा सगळे घरी असतात, जाळी विणत बसलेले असतात आणि बोलायला वेळ असतो. यंदाची संधी गेली, पुढच्या वर्षीची सोडू नका.

आणखी एक. प्रस्तावात मच्छीमारांना ‘लाभार्थी’ लिहाल तर ते सही करणार नाहीत. बरोबरीची संस्था म्हणून सोसायटीचं नाव घाला, सोसायटी नोंदणीकृतच असते.

ओहोटी:

मी सागरी प्राण्यांवर संशोधन करते. नोंदींच्या मालकीबद्दल लिहिते, कारण सगळ्यात जास्त मैत्र्या तिथेच तुटलेल्या पाहिल्या आहेत.

आधी कायद्याची बाजू. सगळी समुद्री कासवं आणि डॉल्फिन वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत. जिवंत असो की मेलेला, त्याला हात लावणं, नमुना घेणं, पुरणं हे वनविभागाच्या परवानगीनेच व्हायला हवं. म्हणजे किनाऱ्याला लागलेल्या प्राण्याचा पंचनामा त्यांचा, शवविच्छेदन पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचं आणि जेसीबी ग्रामपंचायतीचा. ही तीन माणसं आणि त्यांचे फोन नंबर हाच तुमच्या सहकार्याचा पहिला कागद. तो लिहायला पाच संस्थांचं एकमत लागत नाही. वनरक्षक पोहोचू शकत नसेल तर दुसरा फोन कोणाला, हेही त्यावर असू दे. ऑगस्टमध्ये तुमचं घोडं तिथेच अडलं.

वनरक्षक येईपर्यंत हात न लावता जी माहिती घेता येते ती सुद्धा भरपूर आहे. तारीख, वेळ, जागा मोबाईलच्या नकाशावरून. दोन्ही कुशींचा, डोक्याचा, शेपटीचा आणि पोटाकडचा फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. जाळ्याचे किंवा बोटीच्या पंख्याचे घाव. आणि प्राणी किती कुजला आहे: जगभर पाच पायऱ्या वापरतात, जिवंत म्हणजे १, ताजा मेलेला २, फुगायला लागलेला ३, खूप कुजलेला ४, नुसती वाळलेली कातडी आणि हाडं म्हणजे ५. हा एक आकडा लिहिलेला असला तर पुढे कुणालाही कळतं की या नोंदीतून मरणाचं कारण शोधण्यात अर्थ आहे की नाही.

आता मालकी. मी असं सुचवेन की मूळ नोंद गावाची आणि वनविभागाची, प्रत प्रत्येक संस्थेला. कुणाला लेख, अहवाल किंवा शोधनिबंध लिहायचा असेल त्याने आधी सगळ्यांना कळवायचं, आणि ज्यांनी वाळूत उभं राहून नोंद केली त्यांची नावं त्यात यायला हवीत. आभारांच्या तळटीपेत नाही, जिथे काम मोठं आहे तिथे लेखक म्हणून. हे आधी लिहून ठेवलं नाही तर तिसऱ्या वर्षी कुणीतरी दुखावतंच. फोटोंचंही तेच. प्राणी सापडला की संस्थेच्या पानावर टाकण्याआधी नोंद पूर्ण झालेली असली पाहिजे, एवढा एक नियम सगळ्यांनी मान्य करावा.

नोंद वाटून घेतल्याने काय मिळतं त्याचं तुमच्या शेजारचंच उदाहरण आहे. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायाला धातूचा टॅग, म्हणजे ओळखपट्टी, होता, क्रमांक ०३२३३. तो २०२१ साली ओडिशात भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने लावलेला. पूर्व किनाऱ्यावरची मादी भारताला वळसा घालून पश्चिम किनाऱ्यावर अंडी घालते, हे त्या एका क्रमांकामुळे कळलं. किनाऱ्यावर कुणीतरी तो नीट वाचला, वनविभागाच्या कांदळवन प्रतिष्ठानने तो ओडिशाच्या यादीशी जुळवला, आणि ओडिशाच्या लोकांनी ती यादी चार वर्षं जपलेली होती. तीन टोकांपैकी एकानेही वही बंद ठेवली असती तर ती नुसती ‘एक कासव, एक घरटं’ अशी ओळ राहिली असती.

उलट दिशेचंही आहे. जानेवारी २०२२ मध्ये भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठानने कोकणातल्या पाच माद्यांवर उपग्रह ट्रान्समीटर, म्हणजे त्या कुठे आहेत ते उपग्रहामार्फत कळवणारी यंत्रं, बसवले. वेळासची ‘प्रथमा’, तुमच्या आंजर्ल्याची ‘सावनी’ आणि बाकीच्या गुहागरच्या. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेपर्यंत गेली. यंत्रं आणि तज्ज्ञ बाहेरून आले, पण रात्री मादी कुठे वर येते हे गावातल्या कासवमित्रांनाच ठाऊक होतं. शास्त्रज्ञ तिथे एकटे वाळूत बसले असते तर हंगाम असाच गेला असता.

खाडीपलीकडे:

पैशाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. एका सामाजिक संस्थेचे हिशेब पाहतो.

महासंघ नोंदवू नका. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, पॅन, बँक खातं, आयकर सवलतीची १२ए नोंदणी, यात हंगाम निघून जाईल. शिवाय कंपनीला सीएसआरचा, म्हणजे सामाजिक कामासाठी बाजूला ठेवलेला, पैसा संस्थेमार्फत खर्च करायचा तर त्या संस्थेची केंद्र सरकारकडे सीएसआर-१ नोंदणी लागते. हा नियम एप्रिल २०२१ पासून आहे. तुमच्या पाचांपैकी कोणाकडे ती आहे ते आधी पाहा. बहुतेक एकाकडेच असेल, आणि ‘मुख्य कोण’ हा वाद तिथेच निम्मा मिटेल. पैसा त्या संस्थेकडे येतो कारण कागद तिच्याकडे आहे, ती मोठी म्हणून नव्हे, हे लिहून घ्या. खर्चाचे निर्णय पाचही प्रतिनिधी घेतील आणि दर तीन महिन्यांनी हिशेबाचा कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेल, एवढी दोन कलमं करारात असली तर पुष्कळ.

आणि प्रस्ताव लिहिताना कासवमित्रांच्या मानधनाची ओळ सगळ्यात वर घाला. माझ्या पाहण्यात असे प्रस्ताव पुष्कळ आहेत ज्यांत कार्यशाळा आहेत, बॅनर आहेत, प्रवासखर्च आहे, आणि रोज पहाटे चारला उठणाऱ्या पोराला काही नाही. हे मला पटत नाही.

पेडण्याची:

गोव्यातून लिहिते, आमचं घर मोरजीजवळ. आमच्याकडेही मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे कासवं येतात आणि वनखातं घरट्यांची राखण करतं. किनाऱ्याला लागलेल्या प्राण्यांसाठी इथे वनखातं, किनाऱ्यावरचे जीवरक्षक आणि काही संस्था मिळून काम करतात. मला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे. जीवरक्षक संवर्धनाच्या कामावर नाहीत, ते बुडणाऱ्यांना वाचवायला आहेत. पण रोज किनाऱ्यावर तेच असतात, त्यामुळे प्राणी आधी त्यांनाच दिसतो. त्यांना शिकवलं की काय करायचं आणि कोणाला कळवायचं, आणि खबर लवकर पोचायला लागली.

तुमच्याकडे जीवरक्षक नसतील तर सकाळी वाळूत चालणारं कोण आहे ते शोधा. तिसऱ्या माळ्यावर कार्यालय असलेल्या संस्थेपेक्षा किनाऱ्यावरची भेळवाली उपयोगी पडेल. जिवंत प्राणी असेल तर तिला तीनच गोष्टी सांगून ठेवा: ओढून परत पाण्यात ढकलायचा नाही, डॉल्फिनच्या डोक्यावरच्या श्वासाच्या भोकात पाणी जाऊ द्यायचं नाही, आणि गर्दी लांब ठेवायची.

केवडा:

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं.

रापणकर काका, भरपाईचे अर्ज आमच्या सोसायटीत नाहीत, आजच चौकशी केली. दोन बोटवाल्यांना योजना ऐकून माहीत आहे, पण भरपाई मिळालेली गावात एकही बोट नाही. कॉलेजच्या सरांशी बोलले, त्यांची दोन मुलं पुढच्या आठवड्यापासून लिलावानंतर जेटीवर बसायला तयार आहेत. त्या वेळी मी पडदा-प्रोजेक्टर काहीही नेणार नाही, फक्त अर्ज. सेक्रेटरींकडे मी स्वतः घरी जाऊन येते.

सीएसआर-१ मुंबईच्या सफाईवाल्या संस्थेकडेच निघाली. त्यांना पैसे सांभाळायला आणि नोव्हेंबर ते मे भरतीरेषेच्या वर दाताळी न वापरायला, दोन्ही एकाच कागदावर कबूल करायला सांगणार आहे. फोनवर बोलले तेव्हा त्यांच्या बाई म्हणाल्या, वाळूतल्या घरट्यांबद्दल आम्हाला कोणी कधी सांगितलंच नाही. ऐकून बरं वाटलं, कारण माझ्या मनात त्यांच्याबद्दल राग साठला होता.

पर्यटनवाल्या संस्थेचं अजून कळत नाही. डॉल्फिनच्या कळपात बोट घालू नका हे शिकवतात, ते हवंच आहे. पण नोंदी देणार का, यावर उत्तर येत नाही.

ओहोटीताई, एक लहानसं विचारते. डॉल्फिन आणि कासव मोजायला कुठली मोजपट्टी घ्यायची? शिंप्याची चालेल का? हॅचरीतल्या पेटीत कायमची ठेवीन म्हणते.

ओहोटी:

शिंप्याची नको. ती दीड मीटरची असते, ओली झाली की ताणते. फायबरची पाच मीटरची घ्या, कासवाच्या पाठीच्या गोलाईवरून ती नीट वळते. कासवाची पाठ मानेच्या टोकापासून शेपटीकडच्या टोकापर्यंत, कवचाला लागून मोजायची. डॉल्फिनची लांबी मात्र सरळ हवी, पोटाच्या फुगवट्यावरून नाही. नाकाच्या टोकाशी एक काठी रोवा, शेपटीच्या मधल्या खाचेशी दुसरी, आणि दोन काठ्यांमधलं अंतर मोजा. म्हणजे प्राण्याला हातही लागत नाही. पेटीत हातमोजे, मास्क आणि पावसात न पुसणारी पेन्सिल ठेवा. आणि तीन फोन नंबरांचा तो कागद झाकणाच्या आतून चिकटवा.

पर्यटनवाल्यांसाठी थांबू नका. चार जण सुरू झाले की पाचवी संस्था येते, असा माझा अनुभव आहे.

रापणकर_मालवण:

सेक्रेटरींकडे एकट्या जाऊ नका. गावातला एखादा तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, ज्याने कधी कासव सोडलं असेल, त्याला सोबत न्या. बोलायचं काम त्याला करू द्या.